पगारातून दान माझं, मग यादी कोणाच्या मनाची?

इथे मेरीलँडला फेडरल नोकरीत मला आता बरीच वर्षं झाली आणि त्यातली तीन वर्षं मी आमच्या मजल्यावर सीएफसीचं काम बघितलंय. सीएफसी म्हणजे कम्बाइन्ड फेडरल कॅम्पेन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दरवर्षी पानगळीच्या सुमारास इथल्या सगळ्या फेडरल ऑफिसांत, पोस्टात, लष्करी तळांवर ही मोहीम चालते, चॅरिटी संस्थांची एक लांबच लांब यादी असते, प्रत्येक संस्थेला पाच आकडी कोड असतो, तुम्हाला जी संस्था पटेल तिचा कोड लिहायचा, दर पगारातून किती कापायचे ते लिहायचं आणि सही करायची, मग वर्षभर ते पैसे आपोआप जातात. ही यादी आणि फॉर्म घेऊन सहकाऱ्यांच्या टेबलाशी जाणाऱ्याला कीवर्कर म्हणतात. ती मी होते.

एका वर्षी सकाळी सकाळी एका सहकाऱ्याने मला पुस्तिका परत दिली. नेव्हीतून रिटायर होऊन आमच्याकडे आलेला, अतिशय सज्जन माणूस, कोणाच्याही अडीअडचणीला धावणारा. एका पानावर बोट ठेवून म्हणाला, ही संस्था जोपर्यंत या यादीत आहे तोपर्यंत माझ्याकडून एक डॉलर मिळणार नाही, सरकारने असल्यांना घेतलंच कसं. आणि त्याच दिवशी दुपारी पलीकडच्या सेक्शनमधली एक जण आली, तिचं बोट दुसऱ्याच संस्थेवर, विचारांनी पार उलट टोकाची संस्था, आणि वाक्य जवळजवळ तेच. दोघांनाही मी काहीतरी गुळमुळीत बोलून वाटेला लावलं कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत गेले, कोर्टाचे निकाल वाचले, नियम वाचले, आणि आता मला जे वाटतं ते नीट लिहून काढतेय.

मला वाटतं ते असं की सरकारने दारात उभं राहून संस्थेचा हिशेब तपासावा, कागद तपासावेत, ती खरंच काम करते का ते बघावं, पण तिचे विचार तपासू नयेत. कोणाला द्यायचं हे ठरवणारा एकच माणूस आहे, ज्याचा पगार कापला जातो तो.

आता हे बोलायला सोपं आहे, पण आधी मुळात दार का लागलं ते बघू, कारण दार लावणाऱ्यांचं सगळंच चुकलं होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या सरकारी ऑफिसांत वर्गणीवाल्यांची रीघ लागलेली असायची, आज हा रोग, उद्या तो निधी, परवा अजून काही, आणि कित्येक ठिकाणी साहेबच वर्गणी मागायचा, मग हाताखालचा माणूस नाही कसा म्हणणार. कामाचा खोळंबा व्हायचा तो वेगळाच. म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी १९५७ मध्ये आदेश काढून यावर एक समिती नेमली, केनेडींनी १९६१ मध्ये ती समिती बरखास्त करून हे काम सिव्हिल सर्व्हिस कमिशनच्या अध्यक्षांकडे दिलं, मग साठच्या दशकात सगळ्या मोहिमा एकत्र करून पगारातून कापून घ्यायची सोय आली, आणि १९७१ पर्यंत आजची सीएफसी सगळीकडे पोचली. सगळ्यांनी मिळून वर्षातून एकदाच मागायचं, आणि जबरदस्ती करायची नाही. हे चांगलंच झालं.

पण एकत्र करताना आत कोणाला घेतलं? युनायटेड वे (गावोगावच्या संस्थांसाठी एकत्र वर्गणी गोळा करणारी), रेड क्रॉस, काही राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि परदेशात मदतकार्य करणाऱ्या काही संस्था. म्हणजे ज्यांची ओळख आधीच मोठी होती ते. बाकीच्यांना, म्हणजे काळ्या लोकांनी स्वतः उभे केलेले निधी, बायकांच्या संस्था, पर्यावरणवाले, नागरी हक्कांचे वकील, यांना वर्षानुवर्षं दारात उभं ठेवलं. नॅशनल ब्लॅक युनायटेड फंडला तर आत येण्यासाठी कोर्टात जावं लागलं. नियमात 'प्रत्यक्ष सेवा' देणारी संस्था असे शब्द होते, आणि प्रत्यक्ष सेवा म्हणजे नक्की काय हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं, १९८१ मध्ये एका फेडरल कोर्टाने तेच म्हटलं की हा नियम इतका मोघम आहे की अधिकाऱ्याला वाटेल तसा वापरता येईल.

मग राष्ट्राध्यक्ष रेगन आले. १९८२ मध्ये एक आदेश आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये दुसरा, आणि या दुसऱ्यात मोघमपणा काढून टाकला पण असा काढला की दार आणखीनच अरुंद झालं. फक्त माणसांना आणि कुटुंबांना थेट आरोग्याची आणि कल्याणाची सेवा देणाऱ्या संस्था आत. निवडणुका किंवा सरकारी धोरण यांवर प्रभाव टाकू बघणाऱ्या, मग तो राजकीय कामातून असो, प्रचारातून असो, लॉबिंगमधून असो की दुसऱ्यांच्या वतीने कोर्टात खटले लढवून असो, त्या सगळ्या बाहेर. यावर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी खटले लढवणारा एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड, सिएरा क्लबचा कायदा निधी, पोर्टो रिकन लोकांची कायदा संस्था, नेटिव्ह अमेरिकन लोकांसाठी लढणारं इंडियन लॉ रिसोर्स सेंटर असे सगळे मिळून कोर्टात गेले. कोर्नेलियस विरुद्ध एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड म्हणून हा खटला ओळखला जातो आणि जुलै १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध तीन असा निकाल सरकारच्या बाजूने दिला. नऊपैकी सातच न्यायमूर्ती बसले होते, थर्गूड मार्शल या खटल्यात नव्हते, त्यांनीच १९४० मध्ये हा लीगल डिफेन्स फंड उभा केला होता.

निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ऑफिस म्हणजे काही गावचा चौक नाही जिथे कोणीही येऊन भाषण करावं, ऑफिस मालकाचं, इथे मालक सरकार, त्यामुळे कोणाला आत घ्यायचं यावर सरकार मर्यादा घालू शकतं, फक्त ती मर्यादा वाजवी पाहिजे आणि एखाद्याचं मत आवडत नाही म्हणून घातलेली नको. इथपर्यंत मला मान्य आहे, खरंच मान्य आहे, ऑफिसात मी काम करायला जाते आणि तिथे रोज कोणीतरी येऊन मला आपल्या मतांकडे ओढावं असं मलाही नको वाटतं. पण पुढे त्या म्हणतात की गरजूला थेट अन्न किंवा निवारा देण्यावर खर्च झालेला एक डॉलर हा खटल्यावर खर्च झालेल्या डॉलरपेक्षा जास्त उपयोगी आहे असं राष्ट्राध्यक्षांना वाटलं तर ते वाजवीच आहे, कारण खटल्यातून गरजूला मदत होईल किंवा होणारही नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला महाडचं तळं आठवलं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही पण तरी सांगते. चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्येच सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव झाला होता, कागदावर, प्रत्यक्षात दलितांना तिथे पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी घेतलं, मग मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि सवर्णांनी दावा लावला की हे तळं खाजगी आहे. तो दावा दहा वर्षं चालला, खालच्या कोर्टातून वर, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. आता विचार करा, १९२७ मध्ये महाडला एखाद्या दयाळू माणसाने पाणपोई घातली असती तर ती 'थेट सेवा', आणि कोर्टात दहा वर्षं तळ्यासाठी भांडणं हे 'दुसऱ्यांच्या वतीने लढवलेले खटले'. रेगनच्या आदेशाने पाणपोईला आत घेतलं असतं आणि खटल्याला बाहेर ठेवलं असतं. पाणपोई वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, उन्हात तहानलेल्याला पाणी पाहिजे, निकाल नाही. पण पाणपोई घालणारा उद्या गेला की तहान परत तिथेच, आणि हक्क मिळाला की माणूस आपल्या हाताने पाणी घेतो. यातलं कशाला जास्त पैसे द्यायचे हा प्रश्न इतका खोल आहे की यावर दोन शहाण्या माणसांचं आयुष्यभर पटणार नाही, आणि म्हणूनच तो सरकारने सगळ्यांच्या वतीने ठरवून टाकायचा नसतो.

न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी विरोधात जे लिहिलं त्यात हाच मुद्दा फार नेमका पकडलाय. त्यांचं म्हणणं असं की या नियमामुळे कर्मचाऱ्यांच्या कानावर फक्त त्याच संस्था पडतील ज्यांना वाटतं की आहे ती समाजव्यवस्था आहे तशी ठेवून भलं करता येईल, आणि जे म्हणतात की भलं करायचं तर आधी व्यवस्थाच बदलायला पाहिजे ते बाहेर. मग हे मतावरून बाहेर ठेवणं नाही तर काय आहे? आणि थेट सेवा एकीकडे आणि धोरण बदलणं दुसरीकडे अशी सरळ रेघ तरी कुठे मारता येते? कॅन्सरच्या, हृदयविकाराच्या, फुफ्फुसांच्या रोगांच्या ज्या मोठ्या आरोग्य संस्था आहेत त्या तंबाखूविरुद्ध कायदे व्हावेत म्हणून वर्षानुवर्षं भांडल्या, विमानात सिगरेट बंद व्हावी म्हणून भांडल्या, आणि ते त्यांचं कामच होतं, फुफ्फुसं वाचवायची तर औषधाइतकाच कायदाही लागतो. त्यांना कोणी 'चळवळ्या' म्हणून बाहेर काढा म्हटलं नाही. म्हणजे रेघ कामाच्या पद्धतीवरून मारली असं म्हणायचं, पण प्रत्यक्षात ती कोणाच्या बोलण्याने साहेबलोकांची झोप उडते यावरून मारली गेली.

खटला तिथेच संपला नाही. सरकारने हे मतावरून केलं की नाही हे तपासा म्हणून सुप्रीम कोर्टाने प्रकरण खाली पाठवलं, आणि दरम्यान काँग्रेसनेच, म्हणजे इथल्या संसदेनेच, हात घातला, डिसेंबर १९८७ च्या कायद्यात स्टेनी हॉयर आणि मार्क हॅटफिल्ड यांच्या पुढाकाराने दार पुन्हा रुंद केलं. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. त्यानंतर मानवी आरोग्य आणि कल्याण हा शब्द मोठ्या अर्थाने घेतला गेला आणि हक्कांसाठी लढणारे, पर्यावरणवाले, प्राण्यांसाठी काम करणारे, धार्मिक संस्था, सगळे आत आले.

आणि झालं काय? ओ'कॉनर यांच्या निकालात एक मोठी भीती होती की वादग्रस्त संस्था आल्या तर लोक चिडतील, मोहिमेवर बहिष्कार घालतील आणि एकूण निधी घटेल, मग बिचाऱ्या अनाथाश्रमाचं आणि हॉस्पिटलचं नुकसान. माझ्या त्या दोन सहकाऱ्यांकडे बघितलं तर ही भीती खोटी नव्हती, चिडतात लोक, मी चिडलेले बघितलेत. पण दार उघडल्यानंतर पुढची वीस बावीस वर्षं हा निधी एकंदरीत वाढतच गेला आणि २००९ मध्ये तो २८ कोटी डॉलरच्या वर पोचला, आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. दार उघडल्यामुळेच वाढला असा माझा दावा नाही, पगार वाढले, माणसं वाढली, कारणं पुष्कळ असतील. पण दार उघडलं म्हणून मोहीम बुडाली नाही एवढं तर दिसलंच.

त्याचं कारणही साधं आहे. पैसे कोडवर जातात. नेव्हीवाल्याचा डॉलर त्याला नको असलेल्या संस्थेला जातच नाही, तो जिथे लिहील तिथेच जातो. आधीच्या काळात खरा वांधा तिथे होता, लोक नाव न लिहिताच रक्कम द्यायचे आणि तो बिननावाचा पैसा ठरलेल्या मोठ्या संस्थांकडे जायचा, मग यादीत कोण आहे याला आपोआपच वजन यायचं. आता बिननावाचा पैसा लोकांनी नावं लिहून जसा दिला असेल त्याच प्रमाणात वाटला जातो, आणि मला ही पद्धत बरोबर वाटते. यादीत नाव असणं म्हणजे सरकारची शाबासकी नाही, हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापायला पाहिजे. टेलिफोन डिरेक्टरीत एखाद्याचं नाव आहे म्हणून टेलिफोन कंपनीला तो माणूस आवडतो असं कोणी म्हणतं का?

इथे मला विचारलं जातं, आणि बरोबरच विचारलं जातं, की मग द्वेष पसरवणाऱ्या संस्थेचं काय? एखादी संस्था उघड उघड एका जातीला, धर्माला, वर्णाला तुच्छ लेखते, तिलाही आत घेणार का? याचं उत्तर देताना माझी जीभ अडखळते हे खरं आहे, कारण मी स्वतः ब्राउन बाई आहे आणि मला ठाऊक आहे की त्या यादीत माझ्यासारख्यांना या देशातून घालवू बघणारं नाव दिसलं तर मला कसं वाटेल. तरीही मी म्हणते की मोजपट्टी आधीच लिहिलेली असावी आणि सगळ्यांना एकच असावी. संस्था करमुक्त चॅरिटी म्हणून कायद्याने नोंदलेली आहे का, ती निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करत नाही ना, ती गुन्ह्याला पैसा पुरवत नाही ना, ती स्वतःच्या नोकरभरतीत आणि सेवेत कायद्याबाहेर भेदभाव करत नाही ना. यात जी बसत नाही तिची करमाफीच काढा, तिथे पुरावा लागतो, अपील असतं, कोर्ट असतं. पण एखाद्या अधिकाऱ्याने ऑफिसात बसून, मला ही संस्था द्वेष पसरवणारी वाटते, असं म्हणत नाव खोडायचं नाही, कारण आज तो तुमच्या मनासारखा अधिकारी असेल, चार वर्षांनी दुसरा येतो, आणि खोडरबर तोच राहतो.

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीये. ११ सप्टेंबरनंतर २००४ च्या सुमारास सीएफसीत यायचं तर संस्थेने लिहून द्यायचं होतं की आमच्याकडे काम करणाऱ्यांची नावं दहशतवादी याद्यांशी ताडून बघितली आहेत आणि त्या यादीतलं कोणी आमच्याकडे नाही. ऐकायला काय वाईट आहे, दहशतवाद्याला पैसा कोणाला द्यायचाय? पण त्या याद्यांत सारख्या नावांचा घोळ, कोणाचंही नाव यायचं आणि निघायचं नाही, मुसलमान नाव असलं की जास्तच धोका. एसीएलयूने, म्हणजे नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या इथल्या मोठ्या संस्थेने, सही मागे घेतली, सीएफसीतून मिळणारे लाखो डॉलर सोडले, आणि दुसऱ्या संस्थांना बरोबर घेऊन कोर्टात गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये ओपीएमने, म्हणजे फेडरल कर्मचाऱ्यांचं जे मुख्य खातं आहे त्याने, नियम बदलला, याद्या ताडून बघायची सक्ती गेली आणि आम्ही कायदा पाळतो एवढं लिहून द्यायचं राहिलं. मला ही गोष्ट फार शिकवून गेली. विचार तपासायचा म्हटला की कोणी थेट विचार तपासत नाही, एक फॉर्म येतो, त्यात एक रकाना येतो, आणि त्या रकान्यात माणूस अडकतो.

हिशेबाची तपासणी मात्र कडक पाहिजे, त्यात मी अजिबात ढील देणार नाही. पूर्वी नियम होता की प्रशासन आणि निधी गोळा करणं यावरचा खर्च उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त असेल तर अडचण. २००६ मध्ये ही अट काढली, प्रत्येक संस्थेच्या नावापुढे छापलेला तिचा टक्का तेवढा राहिला. काही लोक यावर नाराज झाले, म्हणाले चोरांना मोकळं रान. मला उलट वाटतं. नवीन संस्था असते तेव्हा पहिल्या वर्षी एक माणूस नेमला, एक कॉम्प्युटर घेतला की टक्का चढतोच, आणि दुसरीकडे मोठी संस्था तिच्या साहेबांचा अर्धा पगार 'कार्यक्रम खर्च' म्हणून दाखवून टक्का खाली आणू शकते. आकडा समोर ठेवा, ऑडिट मागा, टॅक्स खात्याला दिलेला फॉर्म मागा, संचालक मंडळावर बहुतेक माणसं बिनपगारी आहेत का ते बघा, आणि मग देणाऱ्याला ठरवू द्या. कीवर्कर असताना मी बघितलंय, लोक तो टक्का बघतात, बोट फिरवत फिरवत बघतात.

पण आज माझा खरा राग कशावर आहे तर तो विचारांच्या दारावर नाहीच, तो फीच्या दारावर आहे. सीएफसीला पन्नास वर्षं झाली तेव्हा एक आयोग बसला होता, २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला, २०१४ मध्ये नवे नियम आले आणि २०१७ च्या आसपास ते प्रत्यक्षात लागू झाले. बहुतेक सगळं ऑनलाइन, गावोगावी मोहीम चालवणाऱ्या जुन्या संस्थांचं काम बंद, रोख पैसे बंद, आणि मोहिमेच्या खर्चासाठी संस्थांनी अर्जाची आणि यादीची फी भरायची, तीही आधी, मग पैसे येवोत न येवोत. पूर्वी हा खर्च गोळा झालेल्या देणग्यांतून वजा व्हायचा. पण ज्या संस्थेला सीएफसीतून वर्षाला हजारभर डॉलर मिळायचे, तिला फी भरून, ऑनलाइन अर्ज भरून, कागद जोडून हातात किती उरणार? आधी वीस हजारांच्या वर संस्था यादीत असायच्या, त्यातल्या कित्येक गळाल्या. आणि एकूण निधी? २०१७ मध्ये तो २००९ च्या निम्म्याहूनही कमी झाला. यात सरकारी शटडाऊन, मोबाइलवरून थेट पैसे द्यायच्या सोयी, पगारकपातीची सवय नसलेली नवी पिढी, हेही सगळं आहे, सगळं खापर मी फीवर फोडत नाही. पण यादीतून गावातली ओळखीची नावं गेली की लोकांचा रस जातो हे मी टेबलाटेबलाशी बघितलंय.

आमच्या भागात एका चर्चच्या तळघरात चालणारी धान्यवाटपाची जागा आहे, दर शनिवारी लोक रांग लावतात, पाच सहा माणसं सगळं सांभाळतात, पगार कोणालाच नाही. आमच्या मजल्यावर मला धरून त्यांचे नऊ देणगीदार होते. नऊच, पण दर पंधरवड्याला पाच, दहा, वीस डॉलर असे नियमाने जायचे, आणि त्यांना महिन्याच्या तांदळाचा अंदाज बांधता यायचा. फी आली तेव्हा त्या बाईंनी मला विचारलं की भरू का, आणि मी त्यांना खात्रीने हो म्हणू शकले नाही. त्यांनी भरली नाही. त्यांना कोणी विचारांवरून बाहेर काढलं नाही, कोणता न्यायमूर्ती आडवा आला नाही, राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला नाही, तरी त्या बाहेरच गेल्या. लहान संस्थांना फी माफ करा, नाहीतर जेवढे पैसे आले त्याच्या प्रमाणात घ्या, हे इतकं अवघड आहे का?

आता थोडं आपल्याकडचं. माझे बाबा शिक्षक होते. पूर, भूकंप, दुष्काळ, काही झालं की एका दिवसाचा पगार कापला जायचा आणि बाबांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, उलट किल्लारीच्या वेळी ते म्हणाले होते की अजून दोन दिवसांचा घ्यायला पाहिजे होता. सात डिसेंबरला ध्वजदिनाचे स्टिकर यायचे तेही आम्ही आनंदाने लावायचो. पण मागे वळून बघताना एक गोष्ट खटकते, बाबांना आयुष्यात कोणी विचारलंच नाही की सर, तुम्हाला कोणाला द्यायचंय? यादी नव्हतीच, एकच नाव होतं, सरकारचा निधी. आणि नको असेल तर नको म्हणून लिहून द्यायचं, म्हणजे सगळ्या शिक्षकांत आपणच तेवढे कंजूष म्हणून नाव लावून घ्यायचं. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर हेच झालं, सरकारने कर्मचाऱ्यांना महिन्याचा पगार द्या म्हटलं आणि ज्यांना द्यायचा नाही त्यांनी तसं लिहून द्यायचं होतं. हायकोर्टाने त्या अटीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घालायला नकार दिला. पूर इतका भयंकर होता की देणं योग्यच होतं, मीही इथून पाठवले. पण देत नाही असं लिहून घेणं हे दान मागणं नव्हे.

महाराष्ट्रात लाखो सरकारी कर्मचारी आहेत, आणि संस्था तपासायची व्यवस्था आपल्याकडे आयती आहे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते, हिशेब द्यावे लागतात, देणगीवर आयकरात सूट द्यायची सोय आहे, जिला लोक ऐंशी जी म्हणतात. उद्या कोणी म्हटलं की पगारपत्रकात मुख्यमंत्री निधीबरोबर आणखी शंभर दोनशे संस्थांचे रकाने ठेवू, तर मी पहिली टाळी वाजवेन, आणि लगेच विचारेन की यादी कोण करणार. कारण यादी करणारा मंत्रालयातला एकच साहेब असेल तर त्यात कोणाचे ट्रस्ट येतील आणि आदिवासींच्या जमिनीसाठी कोर्टात लढणारी, कचरावेचक बायकांची, देवदासींच्या मुलींची संस्था त्यात येईल का, हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. म्हणून निकष आधी छापलेले पाहिजेत, नाकारलं तर कारण लेखी पाहिजे आणि वर अपील पाहिजे. इथे सीएफसीत ते आहे, नाकारलेली संस्था थेट ओपीएमच्या डायरेक्टरपर्यंत जाऊ शकते. आणि साहेबाने हाताखालच्या माणसाला तू दिलेस का असं विचारायचं नाही, शंभर टक्के लोकांनी द्यावं असं टार्गेट लावायचं नाही, हेही इथल्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. पाळलं जातंच असं नाही. मी एका ऑफिसात लिफ्टजवळ थर्मामीटरचं चित्र बघितलंय, त्यात कोणता सेक्शन किती टक्के झाला ते लाल रंगाने भरलेलं, आणि ज्या सेक्शनचा रंग खाली होता तिथली माणसं जिन्याने जायची. पण नियम लिहिलेला होता म्हणून आम्हाला त्यावर बोट ठेवता आलं आणि ते चित्र तिसऱ्या दिवशी उतरलं.

नेव्हीवाल्या सहकाऱ्याशी नंतर मी बोलले. त्याला सगळं सांगितलं, कोर्ट, रेगन, तळं, सगळं. तळ्याची गोष्ट त्याने शांतपणे ऐकली. माझं म्हणणं त्याला पूर्ण पटलं नाही, अजूनही तो म्हणतो की ते एक नाव तिथे नको. मग मी त्याला विचारलं की तुला पटणाऱ्या संस्थेचं नाव यादीतून काढायचा अधिकार तिला दिला, त्या पलीकडच्या सेक्शनमधलीला, तर चालेल का? तो बराच वेळ काही बोलला नाही. जाताना पुस्तिका मागून घेतली, आणि धान्यवाटपवाल्या बाईंचा कोड काय आहे, विचारलं.

मी त्याला सांगितलं की त्यांचा कोड आता नाही. त्यांना मी हल्ली घरून चेक पाठवते. त्याने पत्ता कागदावर उतरवून घेतला. बाकीच्या आठ जणांतले तिघं बदली होऊन गेले, दोघं रिटायर झाले, आणि जी नवीन मुलं आमच्या मजल्यावर आलीत त्यांना अशी जागा दोन मैलांवर आहे हे माहीतच नाही, कारण यादीत ते नाव नाही.